मूळ चित्र घरात असताना राणीला मीन्यातली नक्कल कशाला हवी होती?

खिडकीवाली
मंडळी, काही वर्षांपूर्वी मुलाकडे लंडनला महिनाभर राहिले होते. सून म्हणाली, आई, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम फुकट आहे आणि आत गरम असतं. दोन्ही कारणं पटली. तिथे गिल्बर्ट कलेक्शनच्या दालनात एका कपाटासमोर माझे पाय अडकले ते अडकलेच. रुपयाएवढी, काही तर त्याहून लहान माणसांची चित्रं. तांब्याच्या किंवा सोन्याच्या पत्र्यावर मीना चढवून भट्टीत भाजलेली. त्यांत राजेराण्या, सरदार, त्यांच्या बायका. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीच्या बायकांच्या गालावरची लाली काल लावल्यासारखी ताजी.

घरी येऊन वाचत बसले. कळलं ते असं, की यातली पुष्कळशी चित्रं माणूस समोर बसवून काढलेलीच नाहीत. मोठ्या तैलचित्रावरून बरहुकूम उतरवलेली आहेत. व्हिक्टोरिया राणीने तर विल्यम एसेक्सला १८३९ मध्ये मीन्याचा चित्रकार म्हणून पदच दिलं. मग तिने आणि अल्बर्टने घरातल्या तैलचित्रांवरून आणि हस्तिदंतावरच्या लघुचित्रांवरून मीन्यातल्या प्रती करवून घेतल्या.

माझा प्रश्न साधा आहे. मूळ चित्र भिंतीवर टांगलेलं आहे, मालकीचं आहे. मग त्याची सुपारीएवढी नक्कल करायला एखाद्याने डोळे का फोडायचे? आणि अशा माणसाला चित्रकार म्हणायचं की नकलनवीस?

शेवटचा डबा
छान विषय. जागा धरून ठेवतो.

तिरकस
राणीकडे झेरॉक्स मशीन नव्हतं. धागा संपला. चहा घ्या.

सोनखडू
तिरकसराव, झेरॉक्स दहा वर्षांत पुसट होते. ताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्हीच दिलंय: "गालावरची लाली काल लावल्यासारखी".

आमचं घर सराफीतलं. आम्ही स्वतः मीनाकाम करत नसू, बाहेर द्यायचो, पण लहानपणी करायला दिलेला माल आणायला मीच जायचो, त्यामुळे बघून माहीत आहे. मीना म्हणजे काच. काचेची पूड धातूवर बसवायची आणि भट्टीत वितळवायची. रंग येतो धातूंच्या भस्मांतून: निळा कोबाल्टचा, हिरवा तांब्याचा, जांभळट-गुलाबी चक्क सोन्याचा. हा रंग नाहीच खरं तर, रंगीत काच आहे. उन्हात ठेवा, ओल्या भिंतीला लावा, काही होत नाही. आपटला तरच जातो.

हस्तिदंतावर जलरंगाने केलेली लघुचित्रं पाहिलीत का? त्यातला किरमिजी लाल उजेडाने उडतो. आधी गाल जातात, मग ओठ. शंभर वर्षांनी सगळं खानदान कावीळ झाल्यासारखं दिसतं. राणीला हे माहीत असणार, तिच्याकडे जुन्या लघुचित्रांचा ढीग होता.

पाटपाणी
+१. पण मग एक शंका. जयपूरची मीनाकारी आणि हे एकच ना? म्हणजे मुळात कला आपलीच, त्यांनी उचलली?

नळदुर्ग२
नाही हो पाटपाणी. प्रत्येक धाग्यात "मुळात आपलंच" यायलाच हवं का?

जयपूरच्या कामात सोन्यात खड्डे कोरतात आणि त्या खड्ड्यात रंग भरतात. एका खड्ड्यात एक रंग, मधे सोन्याची कड. चेहरा असा काढता येत नाही, कारण चेहऱ्याला कडा नसतात, छटा असतात. युरोपात १६३० च्या आसपास फ्रान्समधल्या ज्यां तुतँ नावाच्या सोनाराने नवीन युक्ती बसवली. आधी सगळ्या पत्र्यावर पांढरा अपारदर्शक मीना (त्यात कथलाचं भस्म) भाजून घ्यायचा. झाला कागद तयार. मग रंगीत काचेची पूड तेलात खलून, बारीक कुंचल्याने त्याच्यावर चित्र रंगवायचं आणि परत भाजायचं. हे "मीन्यावरचं चित्र".

हां, पूर्वेकडे हे पोचलं नाही असं नाही. इराणच्या फतह अली शाहची सोन्यावरची मीन्यातली चित्रं आहेत, ही लांब दाढी. पण ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं.

पाटपाणी
विचारलं फक्त. एवढं भट्टीत घालायची गरज नव्हती.

गवतीचहा
अवांतर: एनॅमलला मराठीत नेमकं काय म्हणावं? एका जुन्या लेखात "मुलामा" वाचलं होतं.

सोनखडू
मुलामा म्हणजे सोन्याचांदीचं पाणी चढवणं. ते वेगळं. आमच्या धंद्यात "मीना" एवढंच म्हणतात.

तिरकस
आणि निळ्या काठाच्या पांढऱ्या ताटलीला? आजोळी त्याच ताटलीत जेवलो. एके ठिकाणी टवका उडालेला, तिथे काळा लोखंडी डाग. कळलं नाही की मी फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या तंत्रज्ञानात वरणभात खातोय.

घड्याळजी
तिरकस, विनोद म्हणून लिहिलंत पण ते खरंच तेच आहे. घड्याळाच्या जुन्या पांढऱ्या तबकड्याही तेच. माझा अनुभव लिहितो, कारण ताईंच्या "डोळे का फोडायचे" याला तो लागू पडतो.

आजोबांचं खिशातलं घड्याळ होतं. तबकडी दुधासारखी पांढरी, आकडे काळेभोर. मी नव्याने दुरुस्ती शिकत होतो, अंगात मस्ती. तबकडीला मागून तांब्याचे तीन बारीक पाय असतात, ते यंत्रात बसवलेले असतात. एक पाय अडकला म्हणून चिमट्याने जरा रेटला. टक् असा आवाज आला. एवढाच. पाच आणि सातच्या मधून केसासारखी चीर. आजोबा पाहायला नव्हते, पण वडील होते. ते काही बोलले नाहीत, हे जास्त वाईट.

मुद्दा असा की तबकडी उलटी केली तेव्हा दिसलं, मागच्या बाजूलाही मीना होता. कोणाला दिसणार नाही तिथे कशाला, असं मला वाटलं. नंतर उमगलं. तांबं आणि काच तापल्यावर वेगवेगळी फुगतात आणि गार होताना वेगवेगळी आकसतात. एकाच बाजूला काच असेल तर पत्रा वाकतो आणि काच तडकते. म्हणून मागूनही थर द्यायचा आणि पत्रा मुळातच किंचित फुगीर ठोकायचा. त्या चित्रांचं पण तसंच असतं. ताई, तुम्ही पाहिलेली चित्रं सपाट नव्हती ना?

खिडकीवाली
नव्हती! भिंगासारखी मधे फुगलेली होती. मला वाटलं वर काच बसवली आहे.

सोनखडू
घड्याळजी, सुंदर लिहिलंत. त्यात भर घालतो. एकदा भाजून भागत नाही. ज्या रंगाला जास्त आच लागते तो आधी, नाजूक रंग शेवटी. आपल्याकडेही लाल शेवटी बसवतात. चेहऱ्याच्या चित्राला अशा कित्येक भाजण्या. आणि भट्टीत जाताना रंग जसा दिसतो तसा बाहेर येताना दिसत नाही. म्हणजे कलावंताने न दिसणाऱ्या रंगाने चित्र काढायचं, मनात हिशोब ठेवून. पाचव्या भाजणीत बुडबुडा आला की आधीच्या चार गेल्या.

आता सांगा, अशा कामाला राणीला किती वेळा समोर बसवणार? म्हणून नक्कल. आधी तैलचित्र, ते मनासारखं झालं की मग मीना.

नळदुर्ग२
सोनखडूंशी सहमत, पण "म्हणून नक्कल" हे सरसकट नको. झिंके माणूस समोर बसवून काढायचा. क्रिश्चन फ्रीडरिख झिंके, ड्रेस्डेनचा, १७०६ मध्ये लंडनला आला. राजा दुसरा जॉर्ज आणि राणी कॅरोलिन दोघंही त्याचे गिऱ्हाईक. त्या काळच्या जॉर्ज व्हर्च्यू नावाच्या माणसाने आपल्या वहीत टिपून ठेवलंय: राणीने झिंकेला बजावलं की राजाचं वय पंचविसाच्या वर दिसता कामा नये. आणि राजाने सांगितलं, राणी अठ्ठाविसाच्या वर नको. तेव्हा दोघंही चाळिशी ओलांडलेली.

मावळतीचा चहा
हाहाहा. लग्नाच्या अल्बमवाल्याला आमच्या मावशीने हेच सांगितलं होतं.

तिरकस
राजाने राणीला तीन वर्षं जास्त दिली, हे राणीला कळलं होतं का?

कोरा कागद
मी जरा विरुद्ध बाजूने बोलतो. टिकतं म्हणून भारी, करायला अवघड म्हणून भारी, हे सगळं कबूल. पण अवघड म्हणजे कला नव्हे. तांदळाच्या दाण्यावर गणपती काढणंही अवघड आहे. मी यातली बरीच चित्रं मोठी करून पाहिली. एकोणिसाव्या शतकातली बहुतेक गुळगुळीत, निर्जीव. सगळ्यांची कातडी साखरेच्या पाकातली. मूळ तैलचित्रात कुंचल्याचा फटकारा असतो, घाई असते, चूक असते. भट्टीला चूक चालत नाही म्हणून सगळं आधी ठरवून केलेलं. मीन्याचा इंग्रज चित्रकार हेन्री बोन घ्या. त्याची पेन्सिलची पूर्वतयारीची रेखाटनं लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहेत, पाचशेच्या वर. त्यांवर चौकटी आखलेल्या आहेत. शाळेत आपण चौकटी आखून गांधीजी काढायचो तसंच.

मुक्काम पोस्ट लीड्स
बोनचं नाव निघालंच आहे तर त्याच्यावर थोडा अन्याय होतोय असं वाटतं. हा कॉर्नवॉलचा मुलगा, चिनीमातीच्या कारखान्यात कपबश्या रंगवत मोठा झाला. म्हणजे भट्टी त्याच्या हाडात होती. पुढे युवराज (नंतरचा चौथा जॉर्ज) त्याचा मोठा आश्रयदाता झाला, आणि तीन राजांच्या दरबारी तो मीन्याचा चित्रकार म्हणून राहिला.

१८११ मध्ये त्याने सोळाव्या शतकातल्या इटालियन चित्रकार तिशियनच्या 'बॅकस आणि अरियाड्नी'ची मीन्यात प्रत केली. सुपारीएवढी नाही, जवळजवळ दीड फुटाची! घड्याळजींनी सांगितलेलं फुगणं-आकसणं दीड फुटाच्या पत्र्यावर आठवून बघा. घरीच मांडून ठेवलं होतं, चार हजारांवर लोक येऊन पाहून गेले म्हणतात, आणि ते विकलं गेलं २२०० गिनींना. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, पौंडापेक्षा एक शिलिंग जास्त.

पण शेवट बघा. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातल्या माणसांची पंच्याऐंशी चित्रांची मालिका त्याने आयुष्यभर खपून केली. देशाला देऊ केली, देशाने घेतली नाही. तो गेल्यावर लिलावात विखुरली.

कोरा कागद
@लीड्स, माहिती आवडली. पण २२०० गिनी मिळाल्या हा माझ्या मुद्द्याला जबाब नाही. उलट एक गंमत बघा. तिशियनचं मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यावरचं जुनं पिवळटलेलं वार्निश काढलं, तेव्हा आकाश एवढं निळं निघालं की लोकांनी आरडाओरडा केला. बोनच्या समोर १८११ मध्ये जे असेल ते वार्निशसकटच. म्हणजे अमर काय झालं? तिशियन की तिशियनवरचं वार्निश?

खिडकीवाली
कोरा कागद, हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. आता झोप नाही.

सोनखडू
नक्कल करणाऱ्याने समोर दिसतं ते काढायचं. नाहीतर तुम्हीच म्हणाला असतात, मनाचं घातलं.

नळदुर्ग२
मोठ्या पत्र्यावरून बोनच्या आधीचा शार्ल बुआ आठवला. स्वीडनचा, झिंकेचा गुरू. मोठी मीन्यातली चित्रं त्याला जमायची. अ‍ॅन राणी आणि तिचा नवरा जॉर्ज यांचं १७०६ चं मोठं चित्र इंग्लंडच्या राजसंग्रहात अजून आहे. पण त्याची खरी गोष्ट वेगळीच.

ब्लेनहाइमच्या लढाईत इंग्रजांनी फ्रेंचांवर मिळवलेल्या विजयाचं भव्य चित्र मीन्यात करायची कामगिरी त्याच्याकडे आली. होरेस वॉलपोल या अठराव्या शतकातल्या इंग्रज लेखकाने जे लिहून ठेवलंय ते असं: बुआने हजार पौंड आगाऊ घेतले, खास भट्टी बांधली, पैसे संपले, मग अजून सातशे घेतले. मोठ्या पत्र्यावर मीना नीट बसेना. तेवढ्यात दरबाराची हवा फिरली. ज्याच्या विजयाचं चित्र तो सेनापती मार्लबरो मर्जीतून उतरला. हुकूम आला, विजयदेवतेच्या जागी शांतिदेवता घाला आणि मार्लबरोच्या जागी नवा सेनापती ऑर्मंड घाला. बुआ बदलत बसला, आणि १७१४ मध्ये राणीच वारली. डोक्यावर कर्ज. गडी रातोरात फ्रान्सला.

तिरकस
उद्घाटनाची कोनशिला तयार झाल्यावर मंत्रिमंडळ बदललं. ओळखीचं वाटतंय.

शेवटचा डबा
दंडवत घ्या नळदुर्ग. "शांतिदेवता घाला" वाचून कचेरीत मोठ्याने हसलो, साहेबाने वर पाहिलं.

मावळतीचा चहा
यात पेतितोचं नाव अजून कसं नाही आलं? ज्यां पेतितो, जन्म जिनिव्हा १६०७. माझ्या मते ताईंच्या प्रश्नाचा खरा माणूस तोच.

सोनाराचा कारागीर म्हणून सुरुवात. इंग्लंडला पहिल्या चार्ल्सच्या दरबारी गेला. तिथे राजाचा वैद्य होता थिओडोर द मायेर्न, तोही मूळ जिनिव्हाचाच. वैद्यबुवांना औषधांपेक्षा रसायनांचा नाद जास्त. गाववाल्याला त्यांनी रंगांची भस्मं करून दिली. वैद्याच्या खलबत्त्यातून राजाचे गाल रंगले म्हणा. तिथे त्याने दरबारी चित्रकार व्हॅन डाइकच्या तैलचित्रांवरून मीन्यात प्रती केल्या. म्हणजे नक्कलच, कोरा कागद. पण साउदम्पटनच्या काउंटेसची १६४३ ची प्रत पाहा आणि मग "निर्जीव" म्हणा.

पुढे इंग्लंडात यादवी पेटली आणि हा पॅरिसला चौदाव्या लुईकडे. लुईने याचा वापर कसा केला ते भारी आहे. परदेशी वकिलाला किंवा मर्जीतल्या माणसाला भेट म्हणून हिऱ्यांच्या कोंदणात लुईचं मीन्यातलं चित्र द्यायचं. मागच्या बाजूलाही मीन्यात राजाची मुद्रा. हिरे किती आणि केवढे यावरून समोरच्याची पत कळायची. असे शेकड्यांनी दिले. हिऱ्यांसकट शाबूत उरलेले आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एक लूव्र म्युझियमने २००९ मध्ये मिळवला.

पाटपाणी
बाकीच्यांचं काय झालं?

सोनखडू
काय होणार. हिरे काढून विकले, राजा ठेवला. आमच्या दुकानात देवाचे टाक सोडून सगळं मोडीत यायचं, त्यातलाच प्रकार.

मावळतीचा चहा
सोनखडू म्हणतात तेच. रोख रक्कम देणं वकिलाच्या अब्रूला शोभत नाही, म्हणून हिरे. विकायचे ते तुम्ही विका, राजाने पाहिलं नाही.

पण पेतितोची गोष्ट पुढे आहे. तो प्रॉटेस्टंट होता. १६८५ मध्ये लुईने प्रॉटेस्टंटांना दिलेली मोकळीक काढून घेतली. म्हाताऱ्याने, वय अठ्ठ्याहत्तर, घरी जायची परवानगी मागितली. लुईने त्याला तुरुंगात टाकलं आणि धर्म बदलायला समजवायला बोस्युए या नामांकित बिशपला पाठवलं. पेतितो तापाने फणफणला, शेवटी सही करून सुटला आणि १६८७ मध्ये जिनिव्हाला पोचला. ज्या राजाचा चेहरा याने आयुष्यभर न उडणाऱ्या रंगात काढला, त्याच राजाने. तिथेही गिऱ्हाइकांनी पिच्छा सोडला नाही म्हणून तळ्याकाठी वव्हेला जाऊन राहिला, तिथेच १६९१ मध्ये वारला. बायकोचं चित्र काढता काढता गेला असं सांगतात.

कोरा कागद
काउंटेसची प्रत पाहिली. "निर्जीव" शब्द पेतितोपुरता मागे. एसेक्सपुरता नाही.

गवतीचहा
एसेक्स कुत्र्यांची चित्रं पण काढायचा ना? टायच्या पिनेवर टेरियरचं तोंड, घोड्याचं तोंड. आमच्याकडे एवढं प्रेम फक्त बैलाला, तेही पोळ्याला.

मुक्काम पोस्ट लीड्स
हो, त्याच्या कुत्र्यांच्या पिना अजून लिलावात येतात.

अवांतर, पण उपयोगी: ब्रिटनमध्ये आता हस्तिदंताच्या खरेदीविक्रीवर बंदी आहे. लघुचित्रांना सूट आहे, पण १९१८ च्या आधीचं हवं, ३२० चौरस सेंटिमीटरच्या आत हवं, आणि नोंदणी करावी लागते. तांब्यावरच्या मीन्याला असली कटकट नाही. हत्तीही खूष.

घड्याळजी
मूळ प्रश्नाकडे येतो. ताई, एक तारीख बघा. एसेक्सला पद मिळालं १८३९ मध्ये. त्याच वर्षी पॅरिसमध्ये दागेरने फोटोची रीत जाहीर केली. या धंद्याची घंटा तेव्हाच वाजली. पण सुरुवातीचे फोटो पण उडायचे! लोकांनी तक्रार केली की पैसे देऊन काढलेला बाप फिका पडतोय. तेव्हा १८५० च्या दशकात लाफों द कामार्साक नावाच्या फ्रेंच माणसाने फोटोच मीन्यात भाजायची युक्ती काढली. म्हणजे हातच्या नकलेला फोटोने मारलं आणि फोटोला टिकायला परत त्याच भट्टीत यावं लागलं.

वसईची_जा
पहिल्यांदाच लिहितेय, वाचक म्हणून जुनी आहे. घड्याळजींचं वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे दफनभूमीत क्रूसावर अंडाकृती फोटो बसवतात. चिनीमातीच्या पाटीवर भाजलेला असतो. गोव्यातही पाहिलेत. वसईचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, आणि वर खारा वारा. क्रूसाचा रंग जातो, अक्षरं जातात, फोटो तसाच. माझ्या पणजोबांच्या शेजारी एक कबर आहे, नाव पूर्ण पुसलंय, कोण ते चर्चच्या वहीत शोधावं लागेल. पण मिशीवाला माणूस स्पष्ट आहे, कोटाचं बटण सुद्धा दिसतं. लहानपणी आम्ही त्याला मिशीकाका म्हणायचो. ही युक्ती राजवाड्यातून खाली आली हे आज कळलं.

खिडकीवाली
वसईची_जा, स्वागत, आणि अजून लिहा. तुमच्या मिशीकाकांनी माझं काम केलं. मी विचारत होते मूळ घरात असताना प्रत कशाला. पण घरात आहे ते राहील असं धरून चालले होते.

कोरा कागद यांचं वार्निशचं म्हणणं मात्र अजून खुपतंय. त्याला उत्तर नाही.

कोरा कागद
माझ्याकडेही नाही. म्हणून तर विचारलं.

तिरकस
माझा आधार कार्डावरचा फोटो कोणी भाजून टिकवू नका, एवढीच विनंती.

पाटपाणी
@वसईची_जा, फोटो कोणता लावायचा ते कोण ठरवतं?

वसईची_जा
भांडण होतं. आजी एक्याऐंशीव्या वर्षी गेली. मोठ्या आत्याला शेवटचा फोटो हवा होता, कारण तो "खरा". बाकी चार जणींनी माळ्यावरून लग्नानंतरच्या दिवसांतला शोधून काढला, लुगडं आणि कानात भरलेले दागिने. चार विरुद्ध एक. पाटीवर आजी तिशीची आहे, आणि शेजारचे आजोबा सत्तरीचे. नवीन माणूस बघतो आणि मुलगी का म्हणून विचारतो.

नळदुर्ग२
कॅरोलिन राणी पास झाली असती.

शेवटचा डबा
आजोबांचा बदलून घ्या बुवा. बरं नाही दिसत.

वसईची_जा
आत्या नाही म्हणते. म्हणते, निदान एक तरी खरा असू दे.